इडेल टेस्कीच्या सहा सह्या

१

इडेल टेस्कीचा उजवा हात दोन मार्चच्या सकाळपासून हलला नव्हता. आणि त्याच हाताच्या सहा सह्या नऊ मार्च ते सतरा एप्रिल या तारखांपुढे ठसठशीत उमटलेल्या होत्या.

व्हर्ना क्वामने तो कागद गाडीच्या स्टिअरिंगवर टेकवून पुन्हा एकदा वाचला आणि एक खास तिचा, नाकातून येणारा सुस्कारा टाकला. राज्याच्या परवाना मंडळाची ती एकुलती एक तपासनीस. पूर्वी तिच्याकडे फक्त स्पीच थेरपिस्ट आणि श्रवणयंत्रं विकणारे होते. गेल्या वर्षी कुणाला तरी काटकसरीचा झटका आला आणि मालिशवालेही तिच्याच गळ्यात पडले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, गुडघा कुरकुरत असताना, दोनशे मैल गाडी हाकत ती ओस्टबी नावाच्या गावात आली होती. का, तर मंडळाच्या अध्यक्षबाईंना उद्या सकाळी दहाच्या बैठकीत अहवाल हवा होता. तीन महिन्यांतून एकदा बैठक घेणार, आणि निरोप देणार आदल्या दिवशी! व्हर्ना स्वतः अठ्ठावीस वर्षं स्पीच थेरपिस्ट होती. माणसांना बोलतं करता करता ती थकली नव्हती. कागदांनी मात्र तिला तीन वर्षांत पार पिळून काढलं होतं.

प्रकरण तसं सरळ दिसत होतं. एम.ए. झालं तरी स्पीच थेरपिस्टला लगेच पक्का परवाना मिळत नाही. आधी उमेदवारीचं वर्ष काढावं लागतं, तात्पुरत्या परवान्यावर आणि एका जुन्याजाणत्या मार्गदर्शकाच्या हाताखाली. मार्गदर्शकाने उमेदवाराचं काम अठरा वेळा समोर बसून बघायचं आणि दर वेळी नोंद करून सही ठोकायची. काबाओ लोर या उमेदवार मुलीच्या कागदावर अठरा नोंदी होत्या. त्यातल्या बारा फेब्रुवारीपर्यंतच्या. मग तिची मार्गदर्शक इडेल टेस्की हिला मेंदूचा झटका आला, वाचा गेली, उजवी बाजू गेली. आणि त्यानंतरच्या या सहा.

ऑफिसातल्या कर्टिसने इडेलच्या आजारपणाची आणि काबाओच्या नोंदींची फाईल चुकून शेजारी ठेवली म्हणून हे उघडकीला आलं. हुशारीने नव्हे, चुकून.

नर्सिंग होमच्या मागच्या दाराशी काबाओ उभीच होती. सव्वीस वर्षांची, बुटकीशी, गळ्यात टॉर्च अडकवलेला. तिने व्हर्नाला एका एवढ्याशा खोलीत नेलं. तिथे टेबलावर चिकट भाताचा डबा तसाच उघडा पडला होता.

"तू जेव आधी," व्हर्ना म्हणाली.

"घास उतरत नाहीये मॅडम. आणि लोकांना घास गिळायला शिकवणं हाही आम्हा स्पीच थेरपिस्टांचा धंदा आहे." ती हसली आणि लगेच रडायला लागली. "खोटी सही माझ्या नावावर लागली तर मला कुठल्याच राज्यात परवाना मिळणार नाही. खरं ना?"

"खरं आहे."

"आमच्या घराण्यात कॉलेजला गेलेली मी पहिली. आई-बाबा कारखान्यात टर्कीची पिसं काढतात. आणि इथे लाओसमधून आलेले सात म्हातारे असे आहेत की त्यांना हमोंगशिवाय दुसरी भाषा येत नाही. त्यांच्याशी कोण बोलणार?"

"सात म्हाताऱ्यांचं नंतर बघू. दोन मार्चनंतर तुझं काम कोण बघत होतं?"

"कुणीच नाही." काबाओने नाक पुसलं. "मी डेलना तिसऱ्याच दिवशी विचारलं. डेल न्यूगार्ड, आमचे मॅनेजर. ते म्हणाले, मुख्य ऑफिसातली एक बाई व्हिडिओवरून बघणार आहे, तू कामाला लाग. ती बाई काही आली नाही. मी दर आठवड्याला विचारायची, ते म्हणायचे, होतंय होतंय."

"लेखी काही?"

"ते नेहमी तोंडीच सांगतात. मी तुमच्या मंडळाला लिहिलं होतं. नऊ मार्चला. उत्तर आलं की तुमचा संदेश मिळाला, साठ ते नव्वद कामकाजाच्या दिवसांत संपर्क करू."

व्हर्नाने कपाळावर हात मारून घेतला. तिने तिथूनच कर्टिसला फोन लावला आणि तो ढीग उपसायला सांगितला. मग कागदाचा तळ काबाओसमोर धरला. तिथे उमेदवाराची सही होती. 'वरील सर्व नोंदी खऱ्या आहेत.'

"ही कुणाची?"

काबाओने कागद जवळ ओढून बघितला.

"माझीच," ती म्हणाली. "पण मी केली तेव्हा कागद कोरा होता."

२

"मी सगळ्यांचीच घेते हो!" ऑफिस सांभाळणारी ट्वायला म्हणाली. तिच्या टेबलावर लिंबाच्या वड्यांचा ट्रे होता आणि व्हर्नाने एक उचलेपर्यंत ती गप्प बसायला तयार नव्हती. "पहिल्याच दिवशी सह्या घेऊन टाकायच्या. नंतर कुणी सुट्टीवर, कुणी आजारी. मग धावत कोण बसणार? मीच ना?"

"कोऱ्या कागदावर?"

"आजवर कुणी तक्रार केली नाही."

"आज केली," व्हर्ना म्हणाली. वडी मात्र चांगली होती. "हा कागद असायचा कुठे?"

"त्या कपाटात. किल्ली कॉफीच्या मशीनशेजारी खिळ्याला."

"म्हणजे कुणीही उघडावं."

"कुणीही म्हणजे आम्हीच की. काबाओ, डेल, मी. हां, आणि हार्लन, इडेलचा नवरा. मार्चमध्ये तो तिचं सामान न्यायला आला होता, तेव्हा बऱ्याच फायली घरी घेऊन गेला. आठवड्याने परत आणून दिल्या."

"मंडळाला पाकीट कुणी पाठवलं?"

"पोस्टात मीच टाकलं. पण ट्रेमध्ये आलेल्या पाकिटांना मी तिकिटं लावते, आत काय आहे ते बघत नाही. माझ्याकडे आधीच किती कामं!"

पाकीट कुणी भरलं, ते ट्वायलाला आठवत नव्हतं. काल काय खाल्लं हेही तिला आठवत नसावं, असं वाटण्याइतका तिचा चेहरा निष्पाप होता. व्हर्नाला तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. तिने आणखी एक वडी घेतली.

डेल न्यूगार्ड व्यायामाच्या हॉलमध्ये एका आजोबांना दोन दांड्यांच्या मधून चालवत होता. पन्नाशीचा, उंच, गुडघ्यापर्यंत मोजे ओढलेले. "एक मिनिट हां!" म्हणून त्याने व्हर्नाला चांगलं पाव तास उभं केलं.

"काय करणार बाई," तो टॉवेलने मान पुसत आला. "मॅनेजरही मीच आणि फिजिओही मीच. ऑक्युपेशनल थेरपिस्टची जागा दीड वर्षं रिकामी आहे. इडेल गेली आजारपणात. उरलो मी आणि ती पोरगी."

भिंतीवर एक मोठा पांढरा फळा होता. डेलच्या पेशंटांची नावं, आणि नावांपुढे दिवसाची मिनिटं. ५३. ३८. ३८. २३. एका नावापुढे मोठं लाल वर्तुळ करून ३६, आणि शेजारी उद्गारचिन्ह.

"या बिचाऱ्याने काय पाप केलं?" व्हर्नाने विचारलं.

"दोन मिनिटं आधीच उठला. चुकीच्या वेळी बाथरूम!" डेल हसला. "सोडा ते. काबाओचं फार वाईट वाटतं हो. गुणी पोर आहे. घाबरली असणार, दुसरं काय. पक्का परवाना जवळ आला, आणि मार्गदर्शक अशी अंथरुणाला खिळलेली."

"तुम्ही तिला व्हिडिओवरच्या बाईबद्दल सांगितलं होतं?"

"मी?" त्याच्या भुवया वर गेल्या. "मी म्हणालो होतो, चौकशी करतो. पोरं हवं तेच ऐकतात. पण मला विचाराल तर, आरोप करण्याआधी एकदा इडेलच्या घरी जाऊन या." त्याने आवाज खाली आणला. "मला बोलायला नको वाटतं. पण झटक्यापासून घरात आलेल्या प्रत्येक कागदावर तिची सही हार्लनच करतो. आणि अशी करतो की इडेललाही फरक कळणार नाही."

३

"करतो!" हार्लन टेस्की दारातच गरजला. "फुलं पाठवणाऱ्यांना आभाराच्या चिठ्ठ्या कोण लिहिणार? चर्चच्या यादीवर कोण सही करणार? एक्केचाळीस वर्षं बघतोय तिची सही. तुमचं काय जातं?"

"माझं काही जात नाही. मला आत येऊ द्या. माझा गुडघा दुखतोय."

गुडघ्याचं ऐकून तो एकदम नरमला. निवृत्त दूधवाला, हात फावड्याएवढे. त्याने व्हर्नाला स्वयंपाकघरात नेऊन खुर्ची दिली, बटाटा-खिम्याच्या गरम हॉटडिशची बशी पुढ्यात ठेवली आणि मग कागद बघितला.

"या मी केलेल्या नाहीत."

"कशावरून?"

"मी असलं काही करीन? परवान्याच्या कागदावर?" तो पुन्हा तापला. "इडेल मला जिवंत ठेवेल का?"

खिडकीशी चाकांच्या खुर्चीत इडेल बसली होती. पांढरे केस घट्ट बांधलेले, उजवा हात उशीवर, आणि डोळे असे की व्हर्ना नकळत ताठ बसली. झटक्यापासून इडेलच्या तोंडून एकच शब्द निघत होता. मंगळवार. हो म्हणायचं तरी मंगळवार, पाणी हवं तरी मंगळवार. आठवड्यातून दोनदा हार्लन तिला साठ मैलांवरच्या शहरात थेरपीला न्यायचा. अजून तरी मंगळवारच होता.

"हिला काही समजत नाही, असं लोक परस्पर ठरवतात," हार्लन म्हणाला. "मोठ्याने ओरडतात हिच्याशी. बहिरी आहे का ती?"

व्हर्ना ओरडली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली आणि नेहमीच्या आवाजात एका वेळी एकच गोष्ट विचारायची असं ठरवलं आणि उत्तराला भरपूर वेळ द्यायचा असंही. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिला काम केल्यासारखं वाटलं.

"इडेल, मी व्हर्ना. मीही हेच काम करायची. अंगठा वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. जमेल?"

डावा अंगठा वर झाला. चेहऱ्यावर भाव असा, की हे काय विचारायचं.

"मी तपासून बघते, रागवू नकोस. आता डिसेंबर महिना चालू आहे?" अंगठा खाली. "हार्लन तुझा भाऊ आहे?" अंगठा खाली, आणि वर एक तिरका कटाक्ष. "झटक्यानंतर तू काबाओचं काम एकदा तरी बघितलंस?" अंगठा खाली, ठाम.

मग व्हर्नाने कागद तिच्या मांडीवर ठेवला. इडेलचं डावं बोट एकेका ओळीवरून खाली गेलं. पहिली, दुसरी, पाचवी, बारावी. बाराव्या ओळीखाली तिने नखाने आडवी रेघ ओढली. इथपर्यंत माझ्या. त्याखालच्या सह्यांकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. तिचं बोट उजवीकडे सरकलं, मिनिटांच्या रकान्यावर थांबलं आणि टकटक वाजवू लागलं.

"मंगळवार," ती म्हणाली.

"तारखा?"

अंगठा खाली. टक टक टक. "मंगळवार! मंगळवार!" तिचा चेहरा लाल झाला. हार्लन पुढे धावला तर तिने त्याला हाताने मागे ढकललं.

वैतागली होती बाई. आणि का वैतागू नये? उत्तर तिच्या डोक्यात लख्ख होतं आणि समोर बसलेली अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाची बया नुसती डोळे मिचकावत होती. व्हर्नाला स्वतःचीच लाज वाटली. तिने चष्मा पुसला आणि तो रकाना वरपासून वाचला.

पहिल्या बारा ओळी: ४५, ६०, ३०, ४५, ३०, ४०, ६०, ३०, ४५, ४५, २५, ६०.

खालच्या सहा: ३८, ५३, २३, ३८, ५३, ३८.

"अगं बाई," व्हर्ना हळूच म्हणाली.

इडेलने बोट उचललं आणि पाठ खुर्चीला टेकवली. शेवटी कळलं एकदाचं, असं ती न बोलता म्हणाली.

४

पाच वाजता व्हर्नाने सगळ्यांना नर्सिंग होमच्या जेवणघरात बोलावलं. हार्लनने इडेललाही आणलं, कारण तिने मागे राहायला साफ नकार दिला. ट्वायला उरलेल्या वड्या घेऊन आली. डेल घड्याळ बघत आला. काबाओ कोपऱ्यात बसली.

व्हर्नाने चौघांना एकेक कोरा कागद आणि पेन्सिल दिली.

"मंडळाचा नवा नियम," तिने दडपून सांगितलं. मंडळाचे नियम इतके होते की आणखी एकाचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. "इडेलने काबाओचं काम बघितलं आणि नोंद केली, अशी एक ओळ प्रत्येकाने मनाने लिहायची. पेशंट, काम, मिनिटं. नमुना म्हणून. एकमेकांचं बघायचं नाही."

"हा काय पोरखेळ?" हार्लन गुरगुरला, पण लिहायला लागला.

कागद परत आले. व्हर्नाने ते टेबलावर मांडले. ट्वायलाने पेशंट म्हणून स्वतःच्या मावशीचं नाव घातलं होतं आणि अर्धा तास लिहिला होता. हार्लनने लिहिलं होतं: बोलायला शिकवलं, एक तास. काबाओने बटाट्याचा लगदा भरवण्याची चाचणी लिहून पुढे पंचेचाळीस मिनिटं घातली होती. आणि डेलने लिहिलं होतं, अडतीस.

"अडतीसच का, डेल?" व्हर्नाने विचारलं.

"का म्हणजे? मनाला आलं ते लिहिलं."

"हो ना. मनाला तेच येतं." व्हर्ना खुर्चीत नीट बसली. गुडघा ठणकत होता, आणि समजावून सांगण्याचा तिला मनस्वी कंटाळा आला होता, पण काबाओसाठी तिने ते सावकाश सांगितलं. "फिजिओचं काम पाव पाव तासाच्या तुकड्यांनी मोजतात. पुढच्या तुकड्यात आठ मिनिटं गेली की तो अख्खा धरायचा. आठला एक, तेविसाला दोन, अडतिसाला तीन, त्रेपन्नला चार. सदतिसाव्या मिनिटाला पेशंट उठला की एक तुकडा बुडाला. म्हणून तर त्या छत्तीसवाल्या बिचाऱ्याभोवती लाल वर्तुळ. बरोबर?"

डेलने पुन्हा घड्याळ बघितलं.

"आमच्याकडे तसं नसतं. आम्ही पेशंटसमोर पंचवीस मिनिटं बसलो काय आणि तासभर बसलो काय, ती एकच भेट. त्यामुळे स्पीच थेरपिस्ट अर्धा तास लिहील, पाऊण तास लिहील. अडतीस-त्रेपन्न-तेवीस असा पाढा म्हणणारी स्पीच थेरपिस्ट मी जन्मात बघितली नाही. इडेलने बारा वेळा एकदाही तसं लिहिलेलं नाही. काबाओने तिच्या हाताखाली सहा महिने काम केलं, तिला आपली खोटी नोंद खरी भासवायची असती तर तिने इडेलसारखे आकडे घातले असते. आत्ताही तिने पंचेचाळीसच लिहिले. ट्वायला आणि हार्लन यांना ती तुकड्यांची भानगड माहीतच नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट तसं मोजतो, पण तो दीड वर्षं नाही. या इमारतीत हा पाढा तोंडपाठ असलेला माणूस एकच. सही काचेवर धरून गिरवता येते, डेल. सवय गिरवून झाकता येत नाही."

"निव्वळ योगायोग," डेल म्हणाला.

तेवढ्यात व्हर्नाचा फोन वाजला. कर्टिस होता. ढिगात चारशे सतराव्या क्रमांकाला काबाओचा संदेश सापडला होता. नऊ मार्च, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. व्हर्नाने तो सगळ्यांना वाचून दाखवला. 'माझ्या मार्गदर्शक आजारी आहेत. मॅनेजर श्री. न्यूगार्ड म्हणतात की दुसऱ्या मार्गदर्शक व्हिडिओवरून बघणार आहेत. हे चालतं का? नसेल तर मी काम थांबवू का? कृपया लवकर कळवा.'

"हिने विचारलं होतं," व्हर्ना म्हणाली. "नाव घालून विचारलं होतं. आम्ही उत्तर दिलं नाही, ही आमची लाज. आणि गंमत बघा, पहिली खोटी सही याच तारखेची आहे."

डेलने पेन्सिल टेबलावर टाकली.

"मी तिच्या भल्यासाठीच केलं," तो म्हणाला. "दुसरा मार्गदर्शक मिळेना. काम थांबवलं असतं तर गिळायचा त्रास असलेले पंधरा पेशंट साठ मैलांवर हलवावे लागले असते. वर मुख्य ऑफिस माझ्या डोक्यावर बसलेलं. मला वाटलं, सहा ओळींचा तर प्रश्न आहे. कोण बघतंय?"

"कर्टिस बघतोय," व्हर्ना म्हणाली. "आणि तिच्या भल्यासाठी केलंत, तर आळ तिच्यावर आला तेव्हा गप्प का बसलात? मला हार्लनकडे का पिटाळलंत?"

हार्लन उठला तेव्हा ट्वायलाने त्याची बाही धरली, नाहीतर तिथे काहीतरी भलतंच झालं असतं.

"तुमच्या परवान्याचं तुमचं फिजिओंचं वेगळं मंडळ बघेल," व्हर्ना म्हणाली. "त्यांचा तपासनीस माझ्यापेक्षा खडूस आहे, असं ऐकते."

काबाओ कोपऱ्यातून उठून पुढे आली. तिला आनंद झालेला दिसत नव्हता.

"मॅडम, म्हणजे मी खोटी नाही, हे ठरलं. पण माझं वर्ष?"

व्हर्नाला हाच प्रश्न नको होता. "दोन मार्चनंतरचे आठवडे बाद. ते पुन्हा करावे लागतील, मार्गदर्शकाच्या डोळ्यांसमोर. तुझा तात्पुरता परवाना ऑगस्टअखेर संपतो आणि तो पुन्हा वाढत नाही. उद्याच्या बैठकीत नव्या मार्गदर्शकाचं नाव गेलं तरच जमेल. पुढची बैठक ऑगस्टच्या मध्यावर."

"मी शहरातल्या सगळ्यांना विचारलंय. कुणाला वेळ नाही. तुम्ही?"

"तपासनिसाला मनाई आहे. विचारलंय मी, मागे एकदा." ती चिडून म्हणाली, पण ती चीड काबाओवर नव्हती.

टेबलावर धाडकन आवाज झाला. इडेलने डाव्या हाताची मूठ आपटली होती. तिने नव्या अर्जाचा कोरा कागद स्वतःकडे ओढला, 'मार्गदर्शकाचं नाव' या चौकोनावर बोट ठेवलं, आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीवर.

"मंगळवार," ती म्हणाली.

पहिला बोलला तो डेलच, आणि तेही नको ते.

"अहो, पण तिला बोलता येत नाही!"

व्हर्नाने पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं. तीन वर्षं ती त्या पुस्तकाला शिव्या घालत आली होती. आज तिने ते बोटाला थुंकी लावून, पान पान उलटत वाचलं.

"मार्गदर्शकाचा परवाना चालू असावा. इडेलचा डिसेंबरपर्यंत आहे. उमेदवाराशी नातं नसावं. नाही. काम समोर बसून बघावं. डोळे आहेत. एक ते पाचपैकी गुण देऊन उमेदवाराला चूक दाखवून द्यावी." तिने पुस्तक मिटलं. "बोलता यावं, असं इथे कुठेही लिहिलेलं नाही."

५

मंडळाच्या बैठकीत दोन तास वाद झाला. एका सदस्याने विचारलं की बोलता न येणारी बाई बोलणं शिकवणाऱ्यांवर देखरेख कशी करणार. व्हर्नाने त्यांना कलम दाखवायला सांगितलं. कलम सापडेना. शेवटी तीन विरुद्ध दोन मतांनी इडेल टेस्कीला मान्यता मिळाली, डॉक्टरांचं पत्र जोडायचं आणि पहिल्या निरीक्षणाला तपासनिसाने जातीने हजर राहायचं, या अटींवर. प्रवासखर्च मंजूर नाही. व्हर्नाने पुन्हा दोनशे मैल गाडी हाकली.

जेवणघरात काबाओ एका हमोंग आजोबांसमोर बसली होती. त्यांना पाण्याचा ठसका लागायचा, म्हणून घट्ट केलेलं पाणी आणि मऊ भात असा बेत होता. हनुवटी खाली, छोटा घास, दोनदा गिळायचं, मग पाण्याचा घोट. ती त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होती, आजोबा मान डोलावत होते, एकदा तर खळखळून हसलेसुद्धा. हाताभरावर इडेल खुर्चीत बसून बघत होती. ती पापणी हलवत नव्हती.

अर्धा तास झाला. एकदाही ठसका लागला नाही. व्हर्नाने मनातल्या मनात सरसकट पाच गुण देऊन टाकले. इतकं सुबक काम तिने बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं, आणि ही मुलगी मंडळाच्या कागदांमुळे घरी बसणार होती, या विचाराने तिला पुन्हा संताप आला.

आजोबांना खोलीत पोचवून काबाओ परत आली आणि गुणांचा तक्ता इडेलसमोर धरला. पेशंटशी वागणूक? बोट पाचावर. घासाचा आकार? पाच. बसवण्याची पद्धत? चार. काबाओ प्रत्येक आकड्याला वर्तुळ करत गेली. मग आली पेशंटची सुरक्षितता.

इडेलचं बोट दोनवर गेलं.

"दोन?" काबाओ म्हणाली. "मॅडम, चुकून तर नाही?"

अंगठा खाली. बोट पुन्हा दोनवर, दाबून.

"पण त्यांना एकदाही ठसका लागला नाही!"

इडेलने डाव्या हाताने घास तोंडात घातल्याचं दाखवलं. गाल फुगवून चावलं. मग तोच हात काबाओकडे वळवून बोटं चोचीसारखी उघड-मीट केली, बडबड, बडबड. मग पुन्हा स्वतःच्या फुगलेल्या गालावर टिचकी मारली आणि घसा धरला.

काबाओने स्वतःच्या गालाला हात लावला.

"मी त्यांना नातवाबद्दल विचारलं," ती हळूच म्हणाली. "ते हसले तेव्हा. घास तोंडातच होता. मी तोंडात घास असताना बोलायला लावलं."

अंगठा वर.

व्हर्नाने तिथेच बसून सगळं बघितलं होतं. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव जमेला धरून, तिच्या हे लक्षातच आलं नव्हतं. तिने मान खाली घातली आणि आपल्या वहीत उगाच काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

काबाओने दोनला वर्तुळ केलं. मग तिने तक्ता छातीशी धरला आणि हुंदके देऊन रडायला लागली.

"अगं, एवढं काय?" हार्लन घाबरून म्हणाला. "ती सगळ्यांनाच कडक गुण देते!"

"रडत नाहीये मी," काबाओ म्हणाली. "तीन महिन्यांनी कुणीतरी माझी चूक काढली."

इडेलने तिला थोडा वेळ रडू दिलं. मग तक्ता तिच्या हातातून ओढून घेतला, डाव्या मुठीत पेन धरलं, आणि सहीच्या जागी एक वेडीवाकडी, थरथरती, कुणालाही गिरवता न येणारी रेघ ओढायला सुरुवात केली. तिला साडेचार मिनिटं लागली. कुणी मदत केली नाही, आणि कुणी घड्याळही बघितलं नाही.